चाकरमान्यांचा विश्वचषक

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्हा कोकणातल्या लोकांना तुळशीपुढे कारीट फोडावे लागते, आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून पोह्यांच्या ताटावर बसता येत नाही. दिवाळी अंकाचेही तसेच असावे. इतक्या गोडाधोडाच्या पानांत एखादे पान कडू निघाले तर वाचकांच्या पचनाला ते बरेच. माझे हे पान तसले आहे आणि त्याचा विषय फुटबॉल आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना त्या खेळात गोडी नाही त्यांनीही पान उलटण्याची घाई करू नये. कारण मी ज्या गोष्टीवरून भांडणार आहे ती त्यांच्याही घरातली आहे.

दर चार वर्षांनी विश्वचषकाची स्पर्धा येते आणि तिच्याबरोबर एक वाक्य येते : ‘दक्षिण अमेरिकेचे दिवस संपले, आता फुटबॉल युरोपचा.’ ब्राझील हरला की हे वाक्य मोठ्याने म्हटले जाते. अर्जेंटिना जिंकला की तेच जरा दबक्या आवाजात, ‘विझता दिवा मोठा होतो’ अशी पुस्ती जोडून म्हटले जाते. आमच्या सिंधुदुर्गात फुटबॉल हा तसा पाहुणा खेळ. आमची पोरे कापणी झालेल्या मळ्यात क्रिकेटच खेळतात. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि गोव्याच्या वाऱ्याबरोबर हा पाहुणा आमच्या ओट्यावर कधीचाच येऊन बसला आहे. त्यामुळे लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी वसलेल्या आमच्या वालावल गावातही एस.टी.ची वाट पाहणारा एखादा गाववाला मला सुनावतो, ‘मास्तरांनू, तुमचो ब्राझील खपलो!’ त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो हेच वाक्य पांडित्याचा आव आणून, तोंडावर आकडे फेकून म्हणणाऱ्यांवर.

आकडे मी नाकारीत नाही. नाकारण्याजोगे ते नाहीतच. १९३० पासून २००२ पर्यंत विश्वचषकाच्या १७ स्पर्धा झाल्या. त्यांतल्या ९ दक्षिण अमेरिकेने जिंकल्या आणि ८ युरोपने. त्यापुढच्या, म्हणजे २००६ पासून २०२२ पर्यंतच्या ५ स्पर्धांत मात्र युरोपच्या वाट्याला ४ आणि दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला १. या पाच स्पर्धांच्या उपांत्य फेरीत एकूण २० संघ पोचले. त्यांत युरोपचे १५, दक्षिण अमेरिकेचे ४ आणि उरलेला एक आफ्रिकेतला मोरोक्को. २००६ आणि २०१८ या दोन वर्षी तर उपांत्य फेरीतले चारही संघ युरोपचेच होते. ब्राझीलची कुंडली पाहावी तर तीही तशीच : २००६ मध्ये फ्रान्स, २०१० मध्ये नेदरलँड्स, २०१४ मध्ये जर्मनी, २०१८ मध्ये बेल्जियम, २०२२ मध्ये क्रोएशिया. पाच वेळा गारद, आणि पाचही वेळा युरोपच्या हातून. त्यातला ८ जुलै २०१४ चा दिवस कोण विसरेल? स्वतःच्या घरी, बेलो होरिझोंते शहरात, स्वतःच्या माणसांसमोर, जर्मनीकडून एकास सात.

एवढा पुरावा समोर असता मी भांडतो कशाच्या जोरावर? पुरावा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, एवढ्याच जोरावर.

हा निष्कर्ष काढणारे लोक दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीला युरोपचे शास्त्र, शिस्त आणि यंत्रासारखी नेमकी चाल यांची भुरळ पडलेली असते. त्यांच्याशी निदान वाद तरी घालता येतो. दुसरी जात अधिक घातक, कारण ती स्वतःला दक्षिण अमेरिकेची चाहती म्हणवते. ‘ते बिचारे उपजत कलावंत! नाचत-बागडत खेळणारे! आता या यंत्रयुगात कलेचे काय चालणार?’ असा सुस्कारा ती टाकते. ही स्तुती आम्हा कोकण्यांच्या फार ओळखीची आहे. ‘कोकणी माणूस मुळातच कलावंत हो, दशावतार त्याच्या रक्तात, व्यवहार मात्र त्याला जमत नाही,’ असे म्हणत आमच्या पाठीवर थाप मारणारा गृहस्थ बहुधा जमिनीचा भाव विचारायला आलेला असतो.

वास्तविक ब्राझीलने १९५८ साली स्वीडनमध्ये जाऊन विश्वचषक जिंकला तो काही रक्तातल्या नाचाच्या बळावर नव्हे. त्या संघाबरोबर डॉक्टर होता, दंतवैद्य होता, मानसशास्त्रज्ञही होता. चार बचावात, दोन मध्ये आणि चार आघाडीला, अशी त्याची मांडणी मग साऱ्या जगाने उचलली. १९७० ची स्पर्धा मेक्सिकोच्या उंच पठारावर होती. तिथल्या विरळ हवेत दम टिकावा म्हणून ब्राझीलने आपल्या खेळाडूंची जी शास्त्रशुद्ध तयारी करून घेतली, ती पाहून एखाद्या जर्मन कवाइतमास्तरानेही मान डोलवावी. दशावतारी नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते हे खरे. पण त्याला पुराणे मुखोद्गत असतात, हे समोर बसलेल्याला दिसत नाही. ज्याची मेहनत आपल्याला दिसत नाही त्याला ‘उपजत’ म्हणून मोकळे होणे, हा आळशी माणसाचा गुणगौरव आहे.

मग दक्षिण अमेरिका घसरली ती कशाने? कस गेला म्हणून नव्हे. कस बाजारात गेला म्हणून.

१९५८ आणि १९७० या दोन्ही वर्षांचे ब्राझीलचे सगळेच्या सगळे खेळाडू ब्राझीलमधल्याच क्लबांतून खेळणारे होते. पेले सान्तोस क्लबात जवळजवळ अठरा वर्षे खेळला आणि युरोपातल्या कोणत्याही क्लबाची चाकरी त्याने केली नाही. अर्जेंटिनाने १९७८ साली पहिला विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघात परदेशी क्लबातून आलेला खेळाडू एकच होता : स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा मारिओ केम्पेस. आणि २०२२ साली तोच देश तिसऱ्यांदा जगज्जेता झाला तेव्हा संघातल्या २६ जणांपैकी अर्जेंटिनातल्या क्लबातून आलेला खेळाडू एकच उरला होता : रिव्हर प्लेटचा गोलरक्षक फ्रँको अर्मानी, आणि तोही राखीव. अंतिम सामन्यात उतरलेले अकराच्या अकरा युरोपातल्या क्लबांचे पगारी नोकर होते. ४४ वर्षांत हिशेब पुरता उलटा झाला. १९७८ मध्ये एक बाहेर होता. २०२२ मध्ये एक घरी होता. दक्षिण अमेरिकेची सगळी कथा या दोन ‘एक’ आकड्यांच्या मध्ये घडली आहे.

तिचा सांधा बदलला तो १५ डिसेंबर १९९५ रोजी. बेल्जियममधला झाँ-मार्क बोस्मन नावाचा एक मध्यम प्रतीचा खेळाडू आपल्या क्लबाशी भांडत युरोपच्या न्यायालयात गेला आणि जिंकला. त्या निकालाने युरोपीय संघराष्ट्रांतल्या खेळाडूंवरची परदेशीपणाची मर्यादा उठली. वरवर पाहता हा त्यांच्या घरातला निवाडा. पण तोवर युरोपच्या क्लबांना परदेशी खेळाडूंसाठी ज्या मोजक्या जागा ठेवता येत, त्या आता शेजारच्या देशांतल्या खेळाडूंनी अडेनात. त्या समुद्रापलीकडच्या पोरांसाठी मोकळ्या झाल्या. शिवाय अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील या देशांत आजा-पणजा इटलीहून, स्पेनहून, पोर्तुगालहून आलेला असण्याचा संभव मोठा. आज्याचे कागद सापडले की नातवाला तिथले पारपत्र मिळते आणि तो कायद्याने युरोपीयच होतो. दरवाजा उघडला, आणि आत पैसा होता. मग कोण थांबणार?

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. कलमाला मोहोर आला की बाग कराराने देऊन टाकण्याची रीत आम्हाला ठाऊक आहे. फळ धरले किती, गळले किती, याची वाट पाहण्याइतके बळ बागवाल्याच्या अंगी नसते. कर्ज असते, पोरांच्या फिया असतात. तो मोहोरावर पैसे घेतो. आंबा पिकतो दुसऱ्याच्या अढीत आणि भाव मिळतो तिसऱ्याच्या दुकानात. व्हिनिसियस ज्युनिअर १६ वर्षांचा असताना, २०१७ साली, फ्लामेंगो क्लबाने त्याचा सौदा रेआल माद्रिदशी केला. रक्कम साडेचार कोटी युरो. एन्ड्रिकचा सौदा पाल्मेरासने त्याच रेआल माद्रिदशी २०२२ साली केला, तेव्हा तोही १६ वर्षांचाच होता. १८ वर्षांखालील पोराला परदेशी क्लबात नेण्यास फिफाच्या नियमाने, काही अपवाद सोडता, बंदी आहे. म्हणून सौदा सोळाव्या वर्षी होतो आणि पाठवणी अठराव्या वर्षी! आणि वर शहाणे लोक विचारतात, ब्राझीलच्या बागेला पूर्वीसारखा आंबा का दिसत नाही?

आता मूळ प्रश्नाला येतो. असा विकला गेलेला मुलूख युरोपशी टक्कर देऊ शकतो काय? देऊ शकतो, आणि कसा देतो हे कळायला चाकरमानी ठाऊक असला पाहिजे.

गणेशचतुर्थीला मुंबईहून माणसे येतात. एक गोदीत, एक बँकेत, एक रिक्षावर, एक कुठल्याशा कचेरीत. वर्षभर एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. रात्री गाडी उतरतात आणि दुसऱ्या दिवशी आरतीला उभी राहतात, तेव्हा मृदंगाला टाळ चुकत नाही आणि एकाची ओळ दुसऱ्याला शोधावी लागत नाही. तालीम केव्हा झाली? ती झाली पोरपणी, याच ओट्यावर. दक्षिण अमेरिकेचा राष्ट्रीय संघ म्हणजे चतुर्थीला जमलेले चाकरमानी. वर्षातले मोजके दिवस ते एकत्र येतात, आणि तेवढ्यात त्यांना जे जमते ते पाहून युरोपने आश्चर्य करावे. जुलै २०१९ पासून अर्जेंटिना सलग ३६ सामने हरला नव्हता. २०२१ साली त्याने माराकानावर ब्राझीलला नमवून कोपा अमेरिका घेतली. १ जून २०२२ रोजी युरोपच्या विजेत्या इटलीला लंडनमध्ये ३-० असे लोळवले. विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाने त्याला ठोकरले, तरी तो उठला. नेदरलँड्स, क्रोएशिया, फ्रान्स, असे तीन युरोपीय संघ ओळीने ओलांडून त्याने चषक उचलला. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या किलियन एम्बापेने एका मुलाखतीत म्हटले होते की दक्षिण अमेरिकेतला फुटबॉल युरोपइतका पुढारलेला नाही. डिसेंबरात अंतिम सामन्यात त्या गड्याने एकट्याने तीन गोल केले, आणि तरीही चषक नेला तो त्या मागासलेल्यांनी.

एम्बापेच्या बोलण्यात एक सत्य मात्र होते, आणि ते आपण प्रामाणिकपणे उचलले पाहिजे. युरोपचे संघ वर्षभर एकमेकांशी तोलामोलाचे सामने खेळतात. २०१८ पासून त्यांनी आपसांत नेशन्स लीग सुरू केली, तेव्हापासून बाहेरच्यांशी खेळायला त्यांच्याजवळ तारीखच उरत नाही. २०१८ आणि २०२२ या दोन विश्वचषकांच्या मध्ये ब्राझीलच्या वाट्याला युरोपचा एकच संघ आला : मार्च २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताक. म्हणजे आधी वाड्याचे दार लावून घ्यायचे आणि मग बाहेरच्याला म्हणायचे, ‘तुला वाड्यातली रीत कळत नाही!’ आणि दक्षिण अमेरिकेतले आपसांतले सामने काय पोरखेळ आहेत? दहा देश, प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि दारी, असे १८ सामने. त्यात बोलिव्हियाचे ला पाझ शहर ३,६०० मीटर उंचीवर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या दुपटीहून उंच जागी दीड तास धावून पाहावे, मग पुढारलेपणाच्या गोष्टी कराव्यात. २००९ साली मॅराडोना प्रशिक्षक असताना अर्जेंटिना तिथे १-६ असा हरून आला. युरोपातल्या कोणत्या संघाला असली परीक्षा द्यावी लागते?

तेव्हा राष्ट्रीय संघांची चिंता मला नाही. सुमारे ३५ लाख वस्तीचा उरुग्वे, म्हणजे आमच्यासारखे चार सिंधुदुर्ग जिल्हे. त्याने दोनदा विश्वचषक जिंकला आणि २०२३ साली २० वर्षांखालील पोरांच्या विश्वचषकात इटलीला हरवले. बीज शाबूत आहे. माझे भांडण पुढे आहे. चतुर्थीचे पाच दिवस घर गजबजले म्हणून वर्षभर ते नांदते आहे, असे कोणी समजू नये. विश्वचषक हा सण आहे. संसार चालतो क्लबांत.

त्या संसाराकडे पाहा. क्लबांच्या विश्वचषकात दक्षिण अमेरिकेचा शेवटचा विजय २०१२ चा : साओ पाउलोच्या कोरिंथियान्सने इंग्लंडच्या चेल्सीला १-० असे हरवले. त्यानंतर २०२५ पर्यंत तो चषक युरोपाबाहेर गेला नाही. २०२५ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या स्पर्धेत ब्राझीलच्या क्लबांनी क्षणभर जुने दिवस दाखवले. बोटाफोगोने युरोपचा विजेता पॅरिस १-० असा हरवला, फ्लामेंगोने चेल्सीला ३-१ आणि फ्लुमिनेन्सेने इंटर मिलानला २-० असे नमवले. पण पुढे काय झाले ते कोणत्याही कादंबरीकाराला रचता आले नसते. पाल्मेरासचा एस्तेव्हाओ हा पोर चेल्सीला आधीच विकलेला होता. तो आपल्या क्लबासाठी चेल्सीविरुद्ध खेळला, त्याने गोलही केला, सामना हरला, आणि गाशा गुंडाळून चेल्सीकडेच रुजू झाला. उपांत्य सामन्यात त्याच चेल्सीने फ्लुमिनेन्सेला २-० असे हरवले. दोन्ही गोल जोआओ पेद्रोचे. तो फ्लुमिनेन्सेच्याच आखाड्यात वाढलेला! गोल केल्यावर त्याने आनंद साजरा केला नाही. या एका संयमात त्या खंडाचे सारे दुःख मला दिसले. पोर कृतघ्न नाही, खरेदी करणारा चोर नाही, विकणारा मूर्ख नाही. आणि तरीही घर लुटले गेले आहे.

यावर ‘हा तर खुला बाजार, जो जास्त देईल त्याचा माल’ असे उत्तर येते. बरे, बाजाराचाच हिशेब करू. खेळाडूची देशांतर विक्री झाली की त्या रकमेतला ५ टक्के भाग, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटावा, असा फिफाचा नियम आहे. पोराला चेंडू कसा अडवायचा हे ज्या गल्लीतल्या क्लबाने शिकवले, त्याला या ५ टक्क्यांतला तुकडा. हा वाटा चौपट झाला पाहिजे, आणि अठरा वर्षे पुरी होईपर्यंत सौद्याची बोलणीही करता येऊ नयेत, असे माझे म्हणणे आहे. मोहोरावर बाग विकण्याला कायद्यानेच आळा बसला पाहिजे. पोराने जाऊच नये, असे मी म्हणत नाही. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने जावे. पण त्याच्या जाण्याने गाव उपाशी पडू नये, एवढी तजवीज ज्या जगाने त्याला नेले त्या जगाने केली पाहिजे.

आता वाचक विचारील, ब्राझीलच्या पोरांसाठी वालावलच्या मास्तराने एवढा घसा का कोरडा करावा? कारण मी हे आपल्याच अंगणात पाहतो आहे. शेजारचा गोवा सुमारे पंधरा लाख वस्तीचा. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाच्या फुटबॉल लीगचे विजेतेपद गोव्यातल्या क्लबांकडे होते : चार वेळा डेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. मग वरून नवी, पैशाची लीग आली. जुन्या लीगला दुय्यम ठरवण्याचे बेत झाले, आणि २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. डेंपोला तिथे परतायला २०२४ साल उजाडले. तिकडे गोव्यातली तरुण पोरे, आज्याचे पोर्तुगीज कागद शोधून, युरोपच्या वाटेला लागलेली आहेतच. घाट चढून कोल्हापुरास गेलात तर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियम दणाणून सोडतात. तिथली ईर्ष्या ब्राझीललाही शोभेल. पण त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो गाव सोडून पुण्याला शिकायला गेला म्हणून. आणि विश्वचषक आला की त्याच पेठांतून मेस्सी-नेमारचे फलक चढतात. तालमीतल्या पोराचा फलक मात्र कोणी लावीत नाही.

आमच्या जिल्ह्याचे तर विचारूच नका. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. पहिला नंबर आम्ही काढतो आणि पहिल्या नंबरची पोरे पहिल्या गाडीने जातात. वर्गात हजेरी घेताना मला हे आकडे आठवतात. जे दक्षिण अमेरिकेला ‘संपली’ म्हणतात, त्यांनी हा नियम आपल्याला लावून पाहावा. कोकण संपले काय? मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या ज्यांनी चालवल्या ते कोण होते? युरोपच्या क्लबांचे सामने पाहताना तिथल्या अकरात दक्षिण अमेरिकेचे किती, हे मोजा आणि मग सांगा कोण कोणाच्या जिवावर जिंकते. हे आजचेही नाही. १९३० च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळलेला लुइस मोंती १९३४ च्या अंतिम सामन्यात इटलीकडून खेळला, आणि त्या सामन्यात इटलीची बरोबरी साधणारा ओर्सी हाही अर्जेंटिनातच जन्मलेला. युरोपचा पहिला विश्वचषकसुद्धा असा उसन्या मनगटांनी उचललेला आहे.

म्हणून ‘दक्षिण अमेरिका युरोपशी अजून लढू शकते काय’ हा प्रश्नच मला मान्य नाही. ती लढते आहे, दोन्ही बाजूंनी. आपल्या अंगरख्यात एक महिना आणि दुसऱ्याच्या अंगरख्यात अकरा महिने. विचारायचे ते हे की त्या अकरा महिन्यांचे धान्य कोणाच्या कोठारात पडते, आणि बी पेरणाऱ्याला त्यातले पसाभर तरी मिळते काय.

फिफाच्या दारात आपले कोणी ऐकणार नाही. आपल्या दारात आपण ऐकू शकतो. कोल्हापूरच्या पेठकऱ्यांनी पुढल्या विश्वचषकाला मेस्सीचा फलक खुशाल चढवावा. पण त्याच्या खर्चाइतकी रक्कम तालमीतल्या पोरांच्या बुटांसाठी आधी बाजूला काढावी. आणि आमच्या चाकरमान्यांनो, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला तुमची वर्गणी कधी कमी पडलेली नाही. पुढल्या खेपेला गावी याल तेव्हा त्या पावतीच्या मागोमाग एक पावती शाळेच्या मैदानाचीही फाडा. कुंपण नाही, पावसात गुडघाभर गवत माजते, आणि तरी त्यावर पोरे खेळताहेत.